राशीचा खडा सोडून काही बघाल का?

आमच्याकडच्या जुन्या खनिज संग्रहालयात पाहुण्यांना न्यायचं म्हटलं की हल्ली डोकंच उठतं. आत शिरल्या शिरल्या प्रश्न एकच: यातला माझ्या राशीला कुठला चालेल आणि केवढ्याला पडेल? अहो, माणिक आणि नीलम ही दोन्ही एकाच खनिजाची, कोरंडमची रूपं! किंचित क्रोमियम असलं की लाल, लोह आणि टायटॅनियम असलं की निळं. यावर क्षणभर थांबावंसं कुणालाच वाटू नये?

पुढे झिओलाइट नावाच्या खनिजगटाचं कपाट. काळ्या बेसॉल्ट खडकाच्या पोकळीत फिकट गुलाबी स्टिल्बाइट, भाताची पेंढी मधोमध आवळावी तसं. शेजारी हिरवट अपोफिलाइट, काचेसारखं नितळ. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि पुढे त्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्यातून हे स्फटिक वाढले. आपल्याच सह्याद्रीच्या पोटातलं वैभव हे! आणि मंडळी काय करतात, तर काचेला पाठ लावून सेल्फी.

आपल्या सिंधुदुर्गातल्या रेडीचं लोहखनिज, कणकवलीकडचं क्रोमाइट म्हणजे क्रोमियमचं खनिज, कासार्ड्याची सिलिका वाळू, तिकडे तर कुणी फिरकतही नाही. 'दगडच ना हे?' म्हणतात. अहो, ह्याच दगडासाठी रेडीचा डोंगर पोखरला, बोटी भरभरून माल परदेशी गेला. पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर आपल्याच गावांची नावं आहेत. ती तरी वाचा!