फुकट आहे म्हणून कान फाडणार का?

इंटरनेटवरून सिनेमे दाखवणारं स्ट्रीमिंग अ‍ॅप फुकट आहे, जाहिराती असणारच. मान्य. पैसे आपण देत नाही, जाहिरातदार देतो, एवढा व्यवहार कळतो मला. पण काल रात्री सगळे झोपलेले, सिनेमातली बाई कुजबुजत कबुली देतेय, "तो खून मी..." आणि धाडकन शांपू! कानठळ्या बसतील अशा आवाजात. रिमोट सापडेपर्यंत बाळ उठलं.

वाक्याच्या मधोमध ब्रेक! तो कुठे टाकायचा हे बघायला माणूस बसवला तर खर्च होतो ना. पुढच्या ब्रेकला परत तोच शांपू. त्याच्या पुढच्यालाही. म्हणे ब्रेकमधल्या जाहिरातीच्या जागेचा क्षणार्धात लिलाव होतो, एकच जाहिरात चार दलालांकडून येते आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. अरे, माझ्यावर एवढी पाळत ठेवता, मग मला टक्कल आहे हे नाही कळलं?

आणि आवाज? अमेरिकेत २०१० साली कायदा झाला, जाहिरात कार्यक्रमापेक्षा मोठ्याने वाजवायची नाही. पण तो टीव्ही वाहिन्या, केबल अन् डिशपुरता. युरोपातही टीव्हीवर जाहिरातींना वेळेच्या २० टक्क्यांची मर्यादा, हवं तेव्हा बघायच्या व्हिडिओंना नाही. पडदा तोच, कान तेच, फक्त इंटरनेटवरून आलं की नियम गायब! कॅलिफोर्नियाला स्ट्रीमिंगसाठी आवाजाचा कायदा करायला २०२५ उजाडलं.

खून कुणी केला ते अजून कळलेलं नाही. शांपूचं गाणं मात्र बाळालाही पाठ झालंय.