तिकीट आधी, अनुदान मागाहून

गोव्यात बसभाड्याचा विषय निघाला की बसमालक डिझेल आणि सुट्या भागांचे दर सांगू लागतात आणि प्रवासी आपल्या पगाराचा हिशोब. भाडे ठरते पर्वरीत, म्हणजे राज्य सचिवालयात, तोटा पडतो सरकारी बस चालवणाऱ्या कदंब महामंडळाच्या अंगावर, आणि ज्या शहरांत हे प्रवासी रोज कामाला येतात, त्या शहरांच्या पालिका मात्र या व्यवहारात कुठेच नसतात. माझे स्पष्ट मत आहे की भाडे परवडणारे ठेवण्याच्या खर्चात पणजी महापालिकेने, म्हापसा, मडगाव, फोंडा येथील पालिकांनी आणि किनाऱ्यावरच्या सधन पंचायतींनी वाटा उचलला पाहिजे.

यात जगावेगळे काही नाही. चोडण बेटावरचा माणूस पायी फेरीबोटीत चढतो तेव्हा त्याच्याकडे कोणी पैसे मागत नाही, आणि हा प्रवास फुकट का, असे विचारणारा मला तरी अजून भेटलेला नाही. तोच माणूस रायबंदरला उतरून पणजीच्या बसमध्ये चढला की मात्र त्याचा प्रवास हा धंद्याचा विषय होतो. विद्यार्थ्यांना बसभाड्यात निम्मी सवलत मिळावी म्हणून १९७८-७९ मध्ये याच गोव्यात मोठे आंदोलन झाले होते आणि पाठोपाठ १९८० साली कदंब महामंडळ उभे राहिले, हे आज कितीजणांच्या लक्षात आहे कोण जाणे.

शेजारच्या महाराष्ट्रात पीएमपी या शहर बससेवेची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका ६० आणि ४० टक्के अशी वाटून घेतात. मुंबईत बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणले, तेही महापालिकेच्या पैशांच्या आधारावर. पुढे मात्र बेस्टच्या स्वतःच्या बस कमी होत गेल्या, थांब्यांवरच्या रांगा वाढल्या, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे १० रुपये झाले. तिकीट स्वस्त करायचे आणि बसकडे पाहायचे नाही, हे फार काळ चालत नाही.

आपल्याकडे तर पहिला प्रश्न तिकिटाचाच आहे. अनेक खासगी बसमध्ये कंडक्टर बोटांच्या बेचक्यात नोटा धरून, ‘फुडें वच, फुडें वच’ करीत पैसे गोळा करतो आणि तिकीट देत नाही. मागितले तर आपल्याकडे असे पाहतो, की जणू आपण त्याची जमीन लिहून मागितली. तिकीट नाही म्हणजे प्रवाशांची मोजदाद नाही, आणि मोजदाद नसताना पालिकेने पैसे द्यायचे कशाच्या आधारावर? डिझेलमागे सवलत दिली तर तिचा फायदा भरलेल्या फेरीलाही होतो आणि फेरी मध्येच तोडणाऱ्यालाही.

फेरी तोडणे हे भाडेवाढीपेक्षा महाग पडते. पणजीतल्या दुकानात काम करून वाळपईच्या आतल्या गावात परतणाऱ्या बाईला, प्रवासी कमी म्हणून शेवटची बस रद्द झालेली कळते तेव्हा, पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, करण्यावाचून इलाज उरत नाही, आणि सवलतीच्या पासावर वाचलेले पैसे त्या एका संध्याकाळीच जातात. म्हणून पालिकेचा पैसा प्रत्यक्ष धावलेल्या किलोमीटरवर, वेळापत्रकाप्रमाणे झालेल्या फेरीवर आणि तिकीट यंत्राच्या नोंदीवरच मिळावा. खासगी बस कदंबच्या छत्राखाली आणणाऱ्या ‘म्हजी बस’ योजनेची दिशा मला त्यासाठीच योग्य वाटते.

पैसा कुठून आणायचा, हा आक्षेप येणारच, आणि कचरा व पगार यांतच पालिकांचा जीव जातो हेही खरे आहे. तरी पे पार्किंगच्या उत्पन्नातला ठरावीक भाग बससाठी बाजूला काढता येईल, कारण बस भरून आली तर जागेची ओढाताण त्याच पालिकेची कमी होते. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांच्या विषयांमध्ये बसथांबे आहेतच. आमदारांच्या नावाची पाटी लावलेली शेड मात्र आपल्याकडे बसच्या आधी येते.

सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या पंचायतींकडून पैसे मागण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडून हवी ती माहिती: शेवटची बस किती वाजता हवी आणि काल ती आली की नाही. एवढ्या नोंदीला पंचायतीत एक वही पुरते, आणि बसमालकाच्या अनुदानाचा हप्ता सोडण्यापूर्वी ती मागवून पाहणे पालिकेला मुळीच अवघड नाही.