आमच्याकडे शिकाऊ उमेदवार आलेत

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमची छोटीशी कंपनी आहे, पार्ट बनवतो, कॉन्ट्रॅक्टवाले धरून चाळीस माणसं. त्यात ऑफिस म्हणजे मी, अकाउंटचे काका आणि मनात आलं तरच चालणारा एक प्रिंटर. तर तीस किंवा त्याहून जास्त माणसं असली की शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, अडीच टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांपर्यंत, हे 2019 पासून नियमात आहे आणि आमच्या मालकांना ते यंदा कळलं. कुणीतरी त्यांना असंही सांगितलं की 2019 च्या नियमाप्रमाणे आयटीआय झालेल्याला महिना कमीत कमी 7000 द्यायचे आणि त्यातला चौथा हिस्सा, फार तर 1500, सरकार देतं. झालं. मालक म्हणाले, "मॅडम, दोन घेऊन टाकू, तुम्हाला तेवढीच मदत."

मदत हा शब्द मी तेव्हापासून ऐकून घेत नाही.

दोघंही सतरा वर्षांचे. दहावी करून वर्षभर आयटीआयला कोपा केलेलं, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स. खरी नावं नको, मुलाला पिंट्या म्हणू आणि मुलीला सोनू. अठराच्या आतले असल्यामुळे करारावर पालकांची सही लागते, म्हणून सोनूचे वडील आले आणि मुलीचं स्थळ बघायला आल्यासारखे सगळं ऑफिस फिरून बघून गेले. बाथरूम कुठंय, डबा कुठं खातात, संध्याकाळी थांबवणार नाही ना. मी सांगितलं की काका, रात्री दहा ते सकाळी सहा परवानगीशिवाय ट्रेनिंगच देता येत नाही, कायदा आहे. ते म्हणाले, "मग सातला सोडा." मी म्हटलं, साडेपाचला सोडते, मलाही घर आहे.

आता मुलं हुशार आहेत हो, हे आधीच सांगते. कोपाला त्यांना जावास्क्रिप्ट शिकवलंय, एक्सेलमधे असे फॉर्म्युले लावतात की काका चष्मा काढून बघत बसतात. फक्त कुरिअरच्या पाकिटावर आपला पत्ता कुठं आणि समोरच्याचा कुठं, हे कुणी सांगितलं नव्हतं. सोनूनं चाकणच्या पार्टीला टेस्ट सर्टिफिकेट पाठवलं, मधोमध ठळक अक्षरात आमचा पत्ता, डाव्या कोपऱ्यात बारीक त्यांचा, आणि दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला तेच पाकीट घेऊन आमच्याच दारात. त्याहून मजा म्हणजे पिंट्यानं ते सही करून घेतलं, आवक रजिस्टरला नंबर टाकला, शिक्का मारला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं. काम एकदम पद्धतशीर.

मग लँडलाइन. ही मुलं झोपेत फोन वापरतील, पण टेबलावरचा फोन वाजला की दोघं त्याच्याकडे असं बघतात की आता हा काय करेल. पिंट्यानं पहिल्यांदा उचलला तेव्हा रिसीव्हर उलटासुलटा करून स्क्रीन शोधली, कोणाचा आहे बघायला. मग कानाला लावून गप्प. समोरचा हॅलो हॅलो करतोय, हा ऐकतोय. मी खुणेनं म्हटलं बोल, तर मला म्हणतो, "मॅडम, तुम्ही आहात का विचारतायत." कोण? "ते नाही विचारलं." मग विचार, त्यांना जरा होल्डवर ठेव. त्यानं रिसीव्हर जागेवर ठेवला, अगदी हळू, आवाज न करता.

फायलिंगचं मात्र मी विसरणार नाही. सप्लायरची बिलं वर्षभराची साठली होती, म्हटलं नावाप्रमाणे लावा. दोघं दिवसभर मान खाली घालून बसले, मी खूश, पहिल्यांदाच गरम चहा प्यायले. संध्याकाळी बघते तर सगळी कपाटं रिकामी आणि एम अक्षराच्या बॉक्स फायली फुटायला आलेल्या, कारण आमच्या बहुतेक पार्ट्यांच्या नावाआधी मेसर्स छापलेलं असतं. ज्यांचं नुसतं श्री होतं ते सगळे एसमधे. एक पार्टी बिचारी झेडमधे एकटीच होती, ती बरोबर होती. पण मी ओरडणार कशाला, सांगितलं होतं नावाप्रमाणे, त्यांनी छापलेल्या नावाप्रमाणे लावलं, यात तुम्ही वाद घालून दाखवा. दुसऱ्या दिवशी काका आणि मी जमिनीवर बसून परत लावत होतो आणि सोनू आम्हाला बिलं पुरवत होती. म्हणजे ट्रेनिंग चालू होतं, फक्त कोणाचं ते विचारू नका.

मालकांना वाटलं होतं की चला, चहा आणायला पोरगं मिळालं. पिंट्या निघालाही होता, तेवढ्यात सोनू म्हणाली, "सर, डायरीत चहा लिहू का?" कारण रोज काय शिकलो ते त्यांना डायरीत लिहावं लागतं आणि खाली मी सही करते. मालकांनी शिकाऊ उमेदवारांचा कायदा चाळला होता, कलम 18, उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. त्यातून त्यांनी पीएफ भरायचा नाही एवढंच लक्षात ठेवलं होतं. सोनूनं उरलेलं लक्षात आणून दिलं. चहा हल्ली मालक स्वतः सांगतात.

त्या डायरीवर सही करताना माझा हात थरथरतो. "आज टॅलीचा पासवर्ड मॅडमना सापडत नव्हता. शोधायला मदत केली. तो काकांच्या कॅलेंडरवर लिहिलेला होता." दुसऱ्या पानावर, "आज विशेष काम नव्हते. मॅडमचे डोके दुखत होते. कारण समजले नाही." ही डायरी इन्स्पेक्शनला कोणी मागितली तर मी काय सांगू? पण खोटं काहीच नाही त्यात, मग करते सही.

आणि मग त्या पेमेंटचं झालं. एक पार्टी आमचे पैसे कित्येक महिने अडवून बसलेली, मी त्यांना एवढी कडक पत्रं लिहिली, "सदर बाब गांभीर्याने घ्यावी" वगैरे, रजिस्टर एडीनं पाठवली, उत्तर नाही. मी जेवायला गेले तेव्हा पिंट्यानं ऑफिसच्या व्हॉट्सॲपवरून त्यांना टाकलं, "सर प्लीज पेमेंट करा ना, मॅडम टेन्शनमधे आहेत", आणि पुढं हात जोडलेले दोन इमोजी. मला कळल्यावर मी कपाळाला हात लावला, लेटरहेड नाही, संदर्भ क्रमांक नाही, आणि माझ्या टेन्शनची जाहिरात. संध्याकाळी पैसे जमा. पूर्ण. काकांनी खात्री करायला बँकेत फोन केला.

मालक तेव्हापासून हवेत आहेत. कॅल्क्युलेटर घेऊन आले, चाळीसचे अडीच टक्के एक, पंधरा टक्के सहा, आपण दोघंच घेतलेत, अजून चार बसतात. मी विचारलं, बसतात कुठं? त्यांनी सगळं ऑफिस डोळ्यांनी मोजलं आणि म्हणाले, "तुमच्या टेबलाला चार बाजू आहेत की."

नव्या उमेदवारांसाठी जाहिरात सरकारी पोर्टलवर टाकायचीय म्हणून सोनूला मसुदा करायला सांगितला. पद, पात्रता, स्टायपेंड, वेळ, सगळं व्यवस्थित, आणि शेवटच्या ओळीत, "मॅडम चांगल्या आहेत. समजावून सांगतात. बिलं लावताना एकदा परत विचारून घ्यावे." मी तेवढीच ओळ ठेवली, बाकीचं मालकांनी बदललं.