संस्थेचं मुख्य कार्यालय

मांजरांसाठी संस्था काढायची म्हणणारा माणूस मला लांबून ओळखू येतो. नाव ठरलेलं असतं, लोगो ठरलेला असतो (पंजा, त्यात बदाम), अजून न सापडलेल्या मांजरांची बारशीसुद्धा उरकलेली असतात. ठरलेलं नसतं ते एवढंच, की पहिलं मांजर आल्यावर घरातल्यांनी आंघोळ कुठे करायची.

कारण संस्थेचं मुख्य कार्यालय म्हणजे बाथरूम. भटकं मांजर आणलं की पहिले १४ दिवस त्याचा मुक्काम वेगळ्या, बंद खोलीत. आणि बंद खोल्यांत बाथरूमला तोड नाही. फरशी धुता येते, कापडी सोफा नसतो, आणि मुख्य म्हणजे पलंगाखालचा तो कोपरा नसतो, जिथे आपला हात पोचत नाही पण मांजराची नखं आपल्या हातापर्यंत बरोब्बर पोचतात. कमोडचं झाकण मात्र लावून ठेवायचं. ‘चांगलं ठणठणीत तर आहे, १४ दिवस कशाला?’ असं घरातलं एक तरी माणूस म्हणतंच. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथीचा विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दाखवायला १० दिवसांपर्यंत घेतो, आणि घरात एकदा शिरला की वर्षभर मुक्काम ठोकू शकतो. सॅनिटायझरला तो जुमानत नाही. त्याला लागतं ब्लीच: १ भाग ब्लीच, ३२ भाग पाणी. आधी फरशी साबणाने घासायची, मग हे पाणी टाकून १० मिनिटं तसंच ओलं राहू द्यायचं. आपण दोन मिनिटांत पुसून घेतो आणि फरशी चकचकीत दिसते. विषाणूलाही चकचकीत फरशी आवडत असावी.

ब्लीच संपलं म्हणून फिनाईल ओतणाऱ्यांना मी कार्यकारिणीवर घेणार नाही. त्यातलं फिनॉल मोडून बाहेर टाकणं मांजराच्या यकृताला जमत नाही, आणि फरशीवर पाय ठेवून तो पाय चाटणं हा तर त्याचा पूर्णवेळ व्यवसाय. पॅरासिटामॉलचंही तेच, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. आणि कुत्र्याच्या गोचिडांवरच्या औषधाचे उरलेले थेंब मांजराच्या मानेवर सोडायचे, ही काटकसर तर अजिबात नको. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर ते मांजराला झटके आणतं.

पिसवांचा हिशेब बारीक दाताच्या फणीने करायचा. मानेमागून आणि शेपटीच्या बुडाशी फणी फिरवायची, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटकायचे आणि थांबायचं. माती असेल तर काळीच राहते. पिसवांची विष्ठा असेल तर प्रत्येक कणाभोवती हळूहळू तांबूस वर्तुळ उमटतं, कारण ते मांजराचंच पचलेलं रक्त असतं. मांजरावर दिसतात त्या पिसवा एकूण लोकसंख्येच्या जेमतेम ५ टक्के. उरलेल्या अंडी, अळ्या आणि कोशांच्या रूपात पायपुसण्यात नांदतात. त्यामुळे मांजराला औषध लावून पायपुसणं तसंच ठेवलं, तर महिन्याभरात पुन्हा पहिल्यापासून.

पिल्लांबाबत माणसाचं काळीज फार लवकर विरघळतं. पोट टम्म, एकमेकांवर पाय टाकून गाढ झोपलेली चार पिल्लं अनाथ नसतात. त्यांची आई जेवण शोधायला गेलेली असते आणि आपल्या हातात खोकं बघून ती झुडपामागेच थांबते. अशा पिल्लांना उचलण्याला रेस्क्यू म्हणत नाहीत, अपहरण म्हणतात. शंका असेल तर जागेभोवती पिठाचं पातळ रिंगण करावं आणि काही तास लांब राहावं. पिठात पंजे उमटले की आपण घरी जावं. भाटी, म्हणजे मांजरी, पिल्लांसह पकडून, पिल्लं खायला लागल्यावर सगळ्यांची नसबंदी करणं हा मार्ग रटाळ आहे, पण पिल्लं वाचतात ती त्यानेच.

खरोखरच अनाथ असतील तर आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही, म्हणून बाटली हातात घेण्याआधी गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळावी. मांजर डोळे मिटून दूध पितं हे खरं, पण गाईचं पाजलं तर पुढची रात्र आपल्याला डोळे उघडे ठेवून काढावी लागते. जुलाबाने इतकुसा जीव काही तासांत कोरडा पडतो. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, तीच आणावी. पिल्लू पालथंच धरून पाजायचं. बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जातं. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. आणि प्रत्येक वेळी कोमट ओल्या कापसाने खालची बाजू हळुवार पुसायची, कारण तीन आठवड्यांपर्यंत त्यांना आपलं आपण शू-शी करता येत नाही. हे काम आई जिभेने करते, आपल्याला कापूस चालतो, एवढीच काय ती सवलत. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा संस्थेकडे जमा करावा. जन्माला साधारण १०० ग्रॅम, रोज १० ते १५ ग्रॅमची वाढ. एक दिवस वजन वाढलं नाही तर डोळ्यांत तेल घालून बघायचं, घटलं तर डॉक्टर.

आता गोळी. मांजर टॉवेलमध्ये गुंडाळायचं, डोकं किंचित वर, गोळी जिभेच्या मागच्या टोकावर, तोंड मिटून गळा चोळायचा. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पुढचं विसरतात: लगेच सिरिंजने ५ मिली पाणी, गालाच्या बाजूने, सावकाश. नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून बसते, आणि ती डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची असेल तर तिथे जखम करते. हे न केलेली गोळी पुष्कळदा कपाटामागे सापडते. चावलंच तर शौर्य बाजूला ठेवून साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं हात धुवायचा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात. वरून भोक दिसत नाही आणि आत पू होतो. शिवाय रेबीजची लस आहेच.

स्वप्नातली गणितं नेहमी बेरजेची असतात. भाटी चार महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, ६३ ते ६५ दिवसांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. ऑपरेशन झालेला बोकाही पुढचे काही आठवडे बाप होऊ शकतो, म्हणून त्याला लगेच भाट्यांमध्ये सोडायचं नाही. आश्रमांमध्ये साफसफाई आणि खाणं-पिणं धरून एका मांजरामागे रोज १५ मिनिटं, असा अंदाज धरतात. २० मांजरं म्हणजे ५ तास, तेही एकही आजारी नसेल तर. लिटर बॉक्स (मांजरांच्या शू-शीची पेटी) मांजरांच्या संख्येहून एक जास्त: २० मांजरांना २१. हा आकडा मी मुद्दाम सांगते. लोगोवरची चर्चा तिथे आपोआप थांबते.

म्हणून माझं मत असं, की संस्थेची क्षमता ‘किती आली’ यात मोजू नये, ‘किती गेली’ यात मोजावी. आत यायला मांजराला कोणाची मदत लागत नाही. बाहेर काढायचं म्हणजे नसबंदी, लसी, खिडक्यांना जाळी आहे का ही चौकशी (‘आमचं पडणार नाही’ या उत्तराला शून्य गुण), आणि नाही जमलं तर परत आमच्याकडेच आणा, ही अट. गोरी, निळ्या डोळ्यांची पिल्लं हातोहात जातात. काळा प्रौढ बोका कार्यालयातच सेवानिवृत्त होण्याच्या बेतात असतो, आणि त्यात निम्मा दोष फोटोचा असतो. काळ्या मांजराचा फोटो दिवसा, खिडकीशेजारी, फिकट चादरीवर बसवून, फोकस डोळ्यांवर धरून काढावा. फ्लॅश मारला तर फोटोत फक्त दोन हिरवे दिवे येतात, आणि दिव्यांना दत्तक घ्यायला कोणी अर्ज करत नाही.