शहरजादची गोष्ट आणि पडद्यावरची लढाई

मस्कतमध्ये अल बुस्तानजवळच्या चौकात ‘सोहार’ नावाचे जहाज ठेवले आहे. खिळे न ठोकता, काथ्याच्या दोराने फळ्या शिवून बांधलेले हे जहाज १९८०-८१ मध्ये सिंदबादच्या मार्गाचा शोध घेत येथून चीनला गेले होते. एबीसी या अमेरिकी वाहिनीने २००० साली दोन भागांत दाखवलेली ‘अरेबियन नाइट्स’ ही मालिका मी नुकतीच पुन्हा पाहिली. तुर्कस्तान आणि मोरोक्कोत एवढ्या थाटाने चित्रित केलेल्या या मालिकेत सिंदबाद मात्र नाही.

जुन्या कथेवर मालिका आली, की आपल्याकडे ‘मुळात हे असे नाही’ या मुद्द्यावर वाद पेटतो. इथे मस्कतमध्ये सीरियन आणि इजिप्शियन सहकाऱ्यांकडून एकच गोष्ट दोन तऱ्हांनी ऐकल्यापासून मला तो आक्षेप अपुरा वाटतो. मालिकेतल्या पाच कथांपैकी अलीबाबा, अलादीन आणि तीन राजपुत्र या कथा जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीतच. सीरियातल्या अलेप्पोच्या हन्ना दियाब या कथा सांगणाऱ्याने त्या १७०९ मध्ये पॅरिसला ‘अरेबियन नाइट्स’चे फ्रेंच भाषांतरकार आंत्वान गालां यांना सांगितल्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आरंभलेले भाषांतरही इंग्रजीवरूनच झाले. अशा वेळी पाहायचे ते एवढेच, की सांगणाऱ्याच्या शब्दांची ताकद पडद्यावर टिकली का.

पुष्कळ ठिकाणी ती टिकली आहे. बाजारातला कथेकरी (अ‍ॅलन बेट्स) राजाच्या हातचे मरण टाळण्यासाठी रोज रात्री गोष्ट सांगणाऱ्या शहरजादला ही कला शिकवतो, ती दृश्ये मला सर्वांत मोलाची वाटतात; आख्यान ऐन रंगात आणून थांबणारा कीर्तनकार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ती लगेच ओळखीची वाटतील. गालांच्या कथेतला अलादीन चीनमधला असल्याने त्या भूमिकेसाठी जेसन स्कॉट ली यांची निवडही योग्यच आहे.

मात्र मूळ कथेत बायकोच्या बेइमानीने राजाइतकाच दुखावलेला असलेला त्याचा भाऊ इथे सरळ खलनायक होतो आणि शेवट रणांगणावर होतो, हे मला मान्य नाही. तलवार उगारलेल्या माणसाला एका स्त्रीने रात्रीमागून रात्री केवळ बोलून थांबवले, हाच या ग्रंथाचा प्राण आहे. त्याला सैन्याची जोड कशाला हवी? मालिकेने घेतलेल्या कुबड्याच्या कथेत मुळात दलाल, मुदपाकखान्याचा कारभारी, वैद्य आणि शिंपी राजासमोर जीव वाचवण्यासाठी एकेक गोष्ट सांगतात. त्या गोष्टी मालिकेने गाळल्या. लढाईला मात्र तिच्यापाशी वेळ होता.