सर, इतला पैसा भेटतस नही

अमळनेर तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा. चौथीला गुणाकार चालू होता. फळ्यावर लिहिलं : कापसाचा भाव क्विंटलला ७००० रुपये, तर ८ क्विंटलचे किती? पोरांनी ५६,००० काढले. मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, "सर, इतला पैसा भेटतस नही." वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "गणितात भेटतात. लिही."

घरी येताना गाडीवर ते वाक्य डोक्यातून जाईना. अख्ख्या वर्गात विचार करणारा तो एकटाच होता, आणि त्याला गप्प मी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, घरी विचारून या, का भेटत नाहीत. पोरं काय काय घेऊन आली! हमाली, तोलाई, ओलाव्याची कटती. एका पोरीनं विचारलं, ओलावा मोजतात कसा? कुणी म्हणालं, व्यापारी मूठ दाबून बघतो. कुणी म्हणालं, यंत्र असतं. मग सीसीआयचा, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाचा, नियम सांगितला : ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे टक्क्यामागे कपात, १२ च्या वर खरेदीच नाही. चौथीला टक्केवारी नसते हो, पण शंभर किलोच्या क्विंटलात आठ किलो पाणी हे त्यांना लगेच कळलं. "मग मूठवाला व्यापारी १५ बी सांगी शकस," तोच मागच्या रांगेतला. या वेळी कुणी हसलं नाही.

आता आम्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणांबद्दल. एकविसाव्या शतकातली कौशल्यं, चिकित्सक विचार, निर्णयक्षमता. जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यं १९९० च्या दशकापासून ऐकतोय, २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तेच आहे. वाईट काहीच नाही त्यात. पण चिकित्सक विचारावरच्या सत्रात मी एक शंका काढली, तर "वेळ कमी आहे, नंतर बोलू" असं उत्तर मिळालं. नंतर चहा आला. मग ग्रुपवर टाकायला फोटो.

ज्याला कधी प्रश्न विचारू दिला नाही तो मास्तर पोरांना काय विचारू देणार?

आणि गरज आजच आहे, पोरं मोठी झाल्यावर नाही. आमच्या कितीतरी घरांत मोबाइलवरचं वाचून दाखवणारं माणूस म्हणजे हे चौथीतलं पोरगंच. आजीला 'मोफत शिलाई मशीन, लिंक दाबा' तेच वाचून दाखवतं. म्हणून वर्गात एक सवय लावली. कुणी काहीही सांगितलं की बाकीच्यांनी विचारायचं, "तुले कोनी सांगं?" अहिराणीतच, आमच्या खान्देशी बोलीत. प्रमाण मराठीत विचारायला सांगितलं की निम्मी पोरं मुकी होतात, हा माझा अनुभव आहे. वर्गात अहिराणी नको म्हणणाऱ्यांशी वाद घालायला मी कधीही तयार आहे.

याचा त्रासही होतो, लपवत नाही. धडा मागे पडतो. एका पालकानं तक्रार केली, पोरगं घरात उलट विचारतं.

गेल्या आठवड्यात माझीच पाळी आली. मी ठासून सांगितलं, खान्देश म्हणजे कान्हदेश, कृष्णाचा देश. पहिल्या बाकावरून आवाज आला, "सर, तुमले कोनी सांगं?"

मला माझ्या गुरुजींनी सांगितलं होतं, एवढंच. रात्री शोधत बसलो. कुणी कान्हदेश म्हणतं, कुणी फारुकी राजांच्या 'खान' पदवीवरून म्हणतं. १६०१ मध्ये अकबरानं मुलगा दानियाल याच्या नावावरून 'दानदेश' ठेवलं होतं, ते मात्र टिकलं नाही. सकाळी तिन्ही नावं फळ्यावर लिहिली. दानदेशावर पोरं पोट धरून हसली. पहिल्या बाकावरच्या त्या पोरीनं वहीत तिन्ही उतरवली आणि कान्हदेशापुढं प्रश्नचिन्ह काढलं.