पाच ताऱ्यांची सळई: अर्ज भरणाऱ्यांस चार समजुतीच्या गोष्टी

हरित पोलादाच्या अर्जाचा मेल शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला येईल. सोमवारी दहाच्या आत माहिती हवी, असं त्यात असेल. शेठ तो पूर्ण न वाचताच ‘पाहा जरा’ म्हणून तुमच्याकडे ढकलतील आणि लग्नाला निघून जातील. घाबरू नका. मराठवाड्यातल्या, सळई लाटणाऱ्या एका रोलिंग मिलच्या हिशोबखात्यात माझे केस पांढरे झाले आहेत आणि ‘आमची सळई किती हिरवी’ हे सांगणारा तक्ता मी स्वतःच्या हाताने भरलेला आहे. माझ्या अनुभवाचा लाभ घ्या.

आधी विषय काय तो समजून घ्या. १२ डिसेंबर २०२४ ला केंद्रीय पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. एक टन तयार पोलादामागे २.२ टनांहून कमी कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, तर ते पोलाद हिरवं. २.० ते २.२ मध्ये बसलात तर तीन तारे, १.६ ते २.० मध्ये चार, आणि १.६ च्या खाली उतरलात तर पाच. २.२ च्या वर असाल तर तुमचं पोलाद नुसतं पोलाद. देशाची सरासरी अडीचच्या आसपास आहे, म्हणजे अख्ख्या वर्गाची सरासरीच नापासात निघते. मोजणी-पडताळणीचं आणि प्रमाणपत्राचं काम पंजाबात मंडी गोबिंदगढला असलेल्या राष्ट्रीय दुय्यम पोलाद तंत्रज्ञान संस्थेकडे दिलेलं आहे. प्रमाणपत्र एका आर्थिक वर्षापुरतं, आणि पासाची रेघ दर तीन वर्षांनी पुन्हा तपासायची. व्याख्या चांगली आहे हो. मी काही तिच्या विरोधात नाही. माझा प्रश्न तक्त्यातल्या रिकाम्या चौकोनांपुरता आहे.

पहिला सल्ला: ‘कार्बन’ या शब्दावरून शेठशी वाद घालू नका. मी घातला, आठवडा गेला. शेठ म्हणाले, ‘आपली सळई लो-कार्बनच आहे, लॅबचा रिपोर्ट लाव की.’ आणि ते खोटं नव्हतं. सळईच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १७८६ प्रमाणे, फे ५०० डी या प्रतीच्या सळईत कार्बन ०.२५ टक्क्याच्या वर चालत नाही, आमचा ०.२२ होता, स्पेक्ट्रोमीटरची चिठ्ठी हजर होती. पोलादातला कार्बन वेगळा आणि धुराड्यातून जाणारा वेगळा, हे मी त्यांना चहाच्या दोन कपांवर समजावलं. शेवटी ते म्हणाले, ‘म्हणजे जो कार्बन आपण विकत नाही, त्याचा हिशोब द्यायचा?’ इतकी नेमकी व्याख्या मी सरकारी कागदात वाचलेली नाही. चिठ्ठी मात्र जोडाच. पाच जोडपत्रं मागितलेली असतात, तुमच्याकडे तीन निघतात.

दुसरा सल्ला स्पंज आयर्नबद्दल, म्हणजे लोहखनिजापासून न वितळवता केलेल्या कच्च्या लोखंडाबद्दल. हा नीट वाचा, कारण सगळे तारे इथेच उगवतात आणि इथेच मावळतात.

विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत आपण भंगार टाकतो आणि स्पंज टाकतो. भंगाराचं सोपं आहे. बहुतेक हिशोबपद्धतींत भंगाराला मागचा जन्म नसतो. ते मोडक्या जहाजातून आलेलं असो की पाडलेल्या वाड्याच्या तुळईतून, तुमच्या दारात येताना त्याचं पाप धुतलेलं असतं. स्पंजचं तसं नाही. कोळशावर केलेल्या टनभर स्पंजला साधारण टनभर कोळसा खर्ची पडतो, आणि विकत घेतलेल्या कच्च्या मालात मुरलेला कार्बनही आपल्याच खात्यात धरायचा, असं व्याख्या म्हणते. म्हणजे रायपूरकडच्या भट्टीवाल्याने किती धूर सोडला, ते आपण लिहायचं.

मी फोन लावला.

‘भाईसाब, आपके स्पंज का कार्बन कितना है?’

‘पॉइंट टू. एकदम बढिया माल.’

‘वो नहीं. धुएँ वाला.’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्याने फारच मोकळ्या मनाने विचारलं, ‘आपको कितना चाहिए?’

आता गणित बघा. समजा टनभर सळईला अर्धा टन स्पंज लागलं. भट्टीला टनामागे साडेसहाशे युनिट धरा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांप्रमाणे देशाच्या ग्रिडवर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे झाला ०.४५५ टन. रोलिंग आणि बाकी किडुकमिडुक मिळून ०.२ धरू. रायपूरवाला ‘टनभर स्पंजमागे ३.२ टन धूर’ म्हणाला, तर एकूण होतात २.२५५ आणि तारा एकही नाही. तो २.५ म्हणाला, तर १.९०५ आणि चार तारे. १.८ म्हणाला, तर १.५५५, पाच तारे, शेठचा फोटो आणि पेढे. भट्टी तीच, माल तोच, धूरही तोच. फरक एका फोनचा, आणि तो करण्यापूर्वी मी जेवलो होतो की नाही याचा. म्हणून माझा सल्ला असा की पुरवठादाराला आकडा विचारू नये. आपला आकडा त्याला सांगावा आणि त्याच्या लेटरहेडवर मागून घ्यावा. पुरावा म्हणून लेटरहेड चालतं. फोनवरची ती शांतता पुरावा म्हणून चालत नाही, पण त्या अख्ख्या प्रकरणात खरी माहिती तेवढीच होती.

आमच्याच मिलमध्ये जळणाऱ्या कोळशाची गोष्ट वेगळी. जुलैत आलेला कोळसा ओला असतो, आणि काट्यावर पाणीसुद्धा कोळसा म्हणूनच उतरतं. तक्ता म्हणतो, वजन लिहा, मग त्याला ठराविक आकड्याने गुणा. म्हणजे तुम्ही पावसाचं पाणी जाळून त्यातून कार्बन काढल्याची नोंद होते. हा शोध तुमच्या नावावर लागू द्यायचा नसेल, तर पावसाळ्याचा कोळसा कागदावर वाळवून घ्या. किती वाळवायचा? पाच ताऱ्यांना किती कमी पडतंय ते आधी बघा.

डिझेलवर मी दोन दिवस घालवले. आमच्याकडे लोडर, हायड्रा क्रेन, जनरेटर आणि शेठची मोठी गाडी यांचं डिझेल एकाच पंपावरून, एकाच वहीत येतं. मी पावतीपावतीने ते वेगळं केलं. कुठली ट्रिप भंगार हलवायची आणि कुठली देवदर्शनाची, ते ड्रायव्हरला बसवून विचारलं. मग रविवारी रात्री नियम पुन्हा वाचला. वाहतुकीचा धूर मोजायचाच नाही, ना गेटच्या आतला ना बाहेरचा! रायपूरहून जालन्यापर्यंत कुथत येणारा अठरा चाकांचा ट्रक हिशोबात नाही. तेव्हा तळटीप आधी वाचा. नाही वाचलीत तर ड्रायव्हरला उगाच कळतं की तुम्ही शेठच्या ट्रिपा मोजताय.

आता जे कधीही करू नये ते सांगतो. आमच्या भट्टीवर वितळवणीचं काम बघणारा एक मेल्टर आहे, वीस वर्षं झाली. त्याच्याकडे दोनशे पानी वही असते. प्रत्येक हीट, म्हणजे भट्टीचा एकेक घाणा, किती वाजता चढली, किती वाजता ओतली, भंगार किती, स्पंज किती, मीटर सुरुवातीला किती, शेवटी किती. पानापानावर काजळीचा अंगठा. भंगार ओलं होतं किंवा त्यात माती फार होती, तर समासात ‘माल खराब’ एवढंच. खराब मालाच्या हीटला युनिट जास्त गेलेत हे त्या वहीत लहान पोरालाही दिसेल. भंगार निवडून-झटकून घेतलं तर वीज वाचते, म्हणजे धूरही वाचतो, ही अख्खी विद्या त्या समासात आहे. मी हुरळून ती वही स्कॅन केली. उत्तर आलं की माहिती ठरलेल्या नमुन्यातच द्यावी, हस्तलिखित ग्राह्य नाही. नमुन्यात हीटसाठी रकाना नाही, वर्षाच्या बेरजेसाठी एक चौकोन आहे. मग लाइट बिलांवरून बारा महिन्यांची बेरीज टाकली. तिच्यात भट्टी, रोलिंग, ऑफिसचा एसी, कामगारांच्या खोल्या आणि मारुतीच्या देवळातली रोषणाई असं सगळं गुण्यागोविंदाने बसलं. ती बेरीज एका फटक्यात मान्य झाली. मेल्टरला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही वही दाखवू नका. खरी माहिती दाखवली की दरवर्षी मागतात.

दुसऱ्यांचं बघून जळू नका, पण माहिती असू द्या. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने कमी कार्बनच्या बांधकाम साहित्याला लेबल लावण्यासाठी दहा कोटी डॉलर ठेवले. त्याआधीपासून, १९८० पासून, तिथे आणखी एक कायदा आहे: सरकारने लोकांकडून माहिती मागवली, तर ती भरायला किती वेळ लागेल याचा अंदाज सरकारने आधी स्वतः मांडायचा. आपल्याकडे ही कटकट नाही. तुमचा शनिवार-रविवार कुठल्याच चौकोनात येत नाही, त्यामुळे तो संपूर्ण हरित धरायला हरकत नसावी. युरोपचं तर विचारूच नका. ऑक्टोबर २०२३ पासून तिकडे जाणाऱ्या पोलाद-सिमेंटचा कार्बन तिथल्या आयातदाराला कळवावा लागतो, आणि तो अर्थातच तो तुमच्याकडून मागतो. नमुना वेगळा, काय काय मोजायचं त्याची हद्द वेगळी. एकाच सळईचे दोन आकडे निघाले तर गोंधळू नका, एकाच माणसाची आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळी जन्मतारीख असतेच की.

आणि तारे मिळाल्यावर हुरळू नका. हिरव्या लेबलाचा या देशाला चांगला सराव आहे. १९९१ मध्ये सरकारने पर्यावरणस्नेही वस्तूंसाठी ‘इकोमार्क’ काढला होता. त्याचं चिन्ह होतं मातीचा मटका. आठवतंय कुठे पाहिल्याचं? मलाही नाही. २०२४ मध्ये त्याची नवी नियमावली आली. पण चिन्ह निवडणाऱ्याच्या दूरदृष्टीला माझा नमस्कार आहे. मटका म्हटला की आकडा आलाच. मी रविवारी रात्री दीड वाजता स्पंजच्या चौकोनात जो लिहिला, त्याला आमच्या गल्लीत ‘ओपन’ म्हणतात. ‘क्लोज’ पडताळणीला कळतो.

फ्रिजचे तारे निदान दारावर दिसतात. २००६ पासून आपल्याला त्यांची सवय झाली, बायको दुकानात तारे मोजते, महिनाअखेर बिलात फरक पडतो. सळई स्लॅबमध्ये जाते. तिचे तारे काँक्रीटखाली गाडले जातात आणि तीन वर्षांनी पासाची रेघ खाली सरकली, तर तुमच्या डोक्यावरच्या पाच ताऱ्यांचे चार झाल्याचं तुम्हाला कळणारही नाही. घर बांधणारा ही सळई मागेल का? सरकारी खरेदीत अशा पोलादाला जागा ठेवावी अशी चर्चा आहे, म्हणजे गिऱ्हाईक निदान एक तरी पक्कं आहे: ज्याने माहिती मागितली तोच.

बाकीच्यांसाठी मी एक प्रयोग करून बघितला. माझ्या चुलतभावाचं घर चाललंय. त्याच्या साइटवर गेलो, सळईच्या बंडलांवर बसलो आणि मिस्त्रीला सगळं समजावलं: कार्बन, २.२, तीन तारे, चार तारे, पाच तारे. मिस्त्रीने गुटख्याची पुडी फाडता फाडता सगळं ऐकून घेतलं. बंडलाला लावलेला पत्र्याचा बिल्ला उलटसुलट करून पाहिला, त्यावर ग्रेड आणि हीट नंबर होता. मग बिल्ला खिशात टाकून म्हणाला, ‘पाच तारेची हाय म्हनता, तर बांधायची तार ह्याच्यातच धरलीय, का येगळी आनावी लागंल?’